लाल रंगाखालचा निळा

१२ जुलै १९९७, शनिवार

पहिलं बक्षीस मिळालं. सहा वर्षं ज्या गाडीखाली मी पाठीवर पडून काढली, ती सहासष्ट सालची कॉर्व्हेट आज मॅन्सफिल्डच्या मैदानात उभी होती आणि तीन परीक्षक तिच्यात खोट शोधून दमले. एकाने बॉनेटखाली आरसा घालून पाहिलं. मान बाहेर काढून म्हणाला, "ॲशबॉ, तुम्ही दुकान विकलंत ते सार्थकी लागलं." लोइस शेजारी घडीच्या खुर्चीवर विणत बसली होती. तिने वर पाहिलं नाही. दुकानाचा विषय निघाला की माझ्या बायकोचे टाके जरा घट्ट पडतात.

एवढ्यावर दिवस संपला असता तर बरं झालं असतं.

जेवणानंतर एक बाई आली. पन्नाशी उलटलेली, शाळेच्या स्वयंपाकघरात घालतात तसले पांढरे बूट, खांद्याला भलीमोठी पर्स. लोक गाडी बघतात ती पुढून बघतात, दिवे, बॉनेट, मग आतलं चामडं. ही सरळ ड्रायव्हरच्या सीटमागे जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, पर्स जरा लांब धरा, रंगाला ओरखडा पडेल. तिने पर्स गवतात ठेवली आणि विचारलं, सीटमागचं कार्पेट उचलून दाखवाल का.

चाळीस वर्षं मी लँकेस्टरमध्ये औषधाचं दुकान चालवलं. डॉक्टरची खोटी सही करून गोळ्या न्यायला आलेला माणूस मला दारातच कळायचा. असली माणसं आधी काहीतरी लहानसं मागतात. मी नाही म्हणालो. मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "तिथे एक ठिगळ आहे का? कापडाचं. पिवळ्या फुलांचं."

मी म्हटलं, असलं काही नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग लोइसकडे. नाव सांगितलं: आयरीन हुडॅक, लोरेनहून आलेय. पर्स उचलली आणि गेली. लोइस म्हणाली, कॉफी आणते. कॉफी आली तेव्हा पार गार झाली होती. रांग मोठी होती म्हणाली.

१३ जुलै, रविवार

लोइस चर्चला गेली. मी पोट बिघडल्याचं सांगून घरी राहिलो, गॅरेजचं दार आतून लावलं आणि कार्पेट उचललं.

ठिगळ आहेच. चांगलं ताटाएवढं. ह्या गाडीची बॉडी पत्र्याची नाही, फायबरची; तिथे कधीतरी तिला भेग पडली होती आणि कोणीतरी ती बोटवाले वापरतात त्या रेझिनने भरली होती. वर लावायला योग्य कापड नसावं, म्हणून घरातलंच काहीतरी कापून बसवलं होतं. रेझिन मधासारखं पिवळं पडलंय, पण फुलं ओळखू येतात. माझा मेकॅनिक व्हर्नन स्टकी, त्याने बॉडी चेसीवरून, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावरून, उचलली तेव्हा भेग खालून नीट सांधली, आणि वरचं ठिगळ घासून टाकू का म्हणून मला विचारलं होतं. मीच म्हटलं, राहू दे, कार्पेटखाली कोण बघतंय.

म्हणजे हे ठाऊक असलं तर आम्हा तिघांनाच. मी कोणाजवळ बोललो नाही. लोइसला गाडीतलं काही कळत नाही. राहिला व्हर्नन.

आणि व्हर्ननच्या मागे कोण, तेही उघड आहे. कोलंबसचा रेक्स ममफर्ड. काल त्याचा दुसरा नंबर आला. बक्षीस घेताना माझा हात त्याने गरजेपेक्षा जास्त वेळ धरला होता.

१५ जुलै, मंगळवार

व्हर्ननचं गॅरेज जुन्या काचकारखान्यामागे आहे. मी गेलो तेव्हा तो एका ट्रकखाली होता, नुसते बूट बाहेर. मी बुटांना सगळं सांगितलं. बाईचं, ठिगळाचं. बूट हलले नाहीत. मग खालून आवाज आला, "चेसीबद्दल काही विचारलं तिने?"

"चेसीबद्दल कशाला विचारेल?"

"काही नाही. आपलं असंच."

मग तो बाहेर आला आणि हात पुसायला लागला. हात स्वच्छच होते. मी सरळ विचारलं, रेक्सने तुला काय कबूल केलंय. तो हसला, मग हसायचा थांबला. म्हणाला, "मर्ल, गाडी सुंदर आहे. वर कव्हर घाल आणि सुंदर राहू दे. उकरू नकोस."

पाणी मुरतंय ते इथेच. बाईला काय काय पढवलं होतं आणि ती काय विचारायची विसरली, याचीच तो चाचपणी करत होता.

घरी येताना एक जुनी गोष्ट आठवली, तिचा इथे काही संबंध नाही. रंग खरवडला तेव्हा लालच्या खाली निळा निघाला होता. डॅशबोर्डच्या कप्प्याखाली कारखान्याची पट्टी आहे, तिच्यावरच्या नंबराप्रमाणे ही गाडी जन्माची लाल. व्हर्नन म्हणाला होता, मधल्या कोणा मालकाने निळा मारला असेल. निळ्याखाली मात्र काहीच नव्हतं, थेट फायबर. त्या मालकाने लाल अगदी मुळापासून घासून काढला असणार. काही लोक फार नीटनेटके असतात.

१९ जुलै, शनिवार

ती बाई. फोनवर. माझा नंबर कुठून मिळाला विचारलं तर म्हणाली, डिरेक्टरीत आहे. आमचा नंबर डिरेक्टरीत नाही. दुकानाच्या वेळेपासून नाही, कारण लोक अवेळी खोकल्याचं औषध मागायचे.

तिने जी कथा सांगितली ती अशी. तिचा धाकटा भाऊ एमिल. पोलादाच्या भट्टीवर काम करून त्याने निळी कॉर्व्हेट घेतली. एकोणसत्तर साली सैन्याचं बोलावणं आलं, तेव्हा गाडी तिच्या घरामागे ठेवून कोरियातल्या अमेरिकन छावणीवर गेला. सरोवरावर मासेमारीला जाताना त्याने एकदा बोटीचं इंजिन सीटमागे टाकलं होतं आणि तळ फुटला होता. आईच्या स्वयंपाकघरातला पडदा कापून त्याने तो बुजवला. तो कोरियात असताना गाडी चोरीला गेली. पोलिसांनी गाडीचा नंबर विचारला. कागद भावाच्या पेटीत, पेटी कोरियात. पुढे कोणी लक्ष घातलं नाही.

मी ऐकून घेतलं. मधे बोलायचं नाही, खोटी चिठ्ठी आणणाऱ्याला बोलू द्यायचं, तो स्वतःच चुकतो.

"एमिल परत आला आणि म्हणाला, तूच गाडी विकलीस," ती म्हणाली. "तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. आम्ही एकाच चर्चला जातो. ह्या मार्चमध्ये आई गेली, तेव्हा शवपेटीच्या एका बाजूला तो उभा होता, दुसऱ्या बाजूला मी."

मी विचारलं, तुम्हाला नेमकं काय हवंय. गाडी? पैसे?

"एमिलला ती बघू द्या. बास."

माझ्या लाल गाडीवरच कशी आलात, असंही विचारलं. म्हणाली, रंग काय, बदलता येतो; त्या वर्षाची उघड्या टपाची कुठलीही गाडी दिसली की मी सीटमागचं विचारते. दर उन्हाळ्यात विचारते. बहुतेक जण दाखवतात.

मी फोन ठेवला. ज्याला काहीच नको असतं तोच सर्वांत जास्त घेऊन जातो. लोइस ओट्याशी मक्याची कणसं सोलत होती. म्हणाली, "कोण होतं?" मी म्हटलं, चुकीचा नंबर. ती म्हणाली, "बराच वेळ चुकत होता."

२६ जुलै, शनिवार

लोइस बहिणीकडे मॅन्सफिल्डला गेली होती. संध्याकाळी आली ती खसखशीचा गोड रोल घेऊन. रोल उत्तम होता, घरचा वाटावा असा. मॅन्सफिल्डमध्ये नवी बेकरी निघाली म्हणे. बहिणीची खुशाली विचारली तर म्हणाली, बरी आहे. मग थोड्या वेळाने, मी विचारलेलं नसताना म्हणाली की काही माणसं फार एकटी असतात रे. तिच्या बहिणीला नवरा, चार मुलं आणि सासू आहे.

पेट्रोलचा काटा पाहिला. मॅन्सफिल्डला जाऊन यायला एवढं लागत नाही.

लोइस रेक्स ममफर्डला ओळखते का? नाताळच्या पार्टीत दोघं पंच पीत बोलत होते खरे.

लिहिलेलं वाचलं. लाज वाटली. तरी खोडत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

नाश्त्याच्या हॉटेलात वकिलाला गाठलं. एका मित्राची गोष्ट म्हणून सांगितली. तो अंडी खात ऐकत होता. म्हणाला, चोरीची वस्तू कितीही हातांतून गेली, कितीही प्रामाणिक माणसाने घेतली, तरी ती मूळ मालकाचीच. "पण तुझ्या मित्राला सांग, आधी कोणीतरी सिद्ध करायला पाहिजे. पट्टी बदलता येते, इंजिन बदलता येतं. चेसीवर ठोकलेला नंबर तेवढा राहतो." मग टोस्टने बशी पुसत म्हणाला, "मित्र गाडी झाकून ठेवतो ना?"

माझ्या चेसीवरचा नंबर गंजाने खाल्लाय. बॉडी उचलली तेव्हा व्हर्ननने पाहून तसं सांगितलं होतं. मी तेव्हा पाठदुखीने अंथरुणात होतो.

३ ऑगस्ट, रविवार

गॅरेजला नवं कुलूप लावलं. लोइस म्हणाली, किल्ली एकच आणलीस? मी म्हटलं, दुसरी मिळाली नाही. ती म्हणाली, "कुलूपवाला विचित्रच दिसतोय."

९ ऑगस्ट, शनिवार

लोरेनला जाऊन आलो. लोइसला सांगितलं, कोलंबसला पार्ट बघायला जातो.

भाऊ खरंच आहे का, एवढंच पाहायचं होतं. आहे. एमिल हुडॅक, भट्टीवरून निवृत्त, रुंद खांद्यांचा माणूस. पुढच्या पायऱ्यांवर मासेमारीचे गळ पसरून बसला होता. मी जुन्या गाड्यांच्या हकिगती गोळा करतो असं सांगितलं. बिअर दिली. शेजारच्या कुत्र्याबद्दल, भट्टी बंद पडण्याबद्दल बोलला. मग मी निळ्या कॉर्व्हेटचं काढलं. तो गळाला दोरा ओवत होता, तो ओवायचा राहिला.

"माझ्या बहिणीने विकली," तो म्हणाला.

नक्की का, मी विचारलं.

"मी परत आलो तर अंगणात गाडी नाही आणि हिच्या घरावर नवं छप्पर. नवरा पळालेला, कडेवर पोर, आणि छप्पर नवं. म्हणे चोरीला गेली. मोठा दयाळू चोर, जाताना छपराचे पैसे ठेवून गेला."

तिचं घर कुठे, विचारलं. त्याने हनुवटीने रस्त्याच्या टोकाकडे दाखवलं. छप्पर दिसत होतं. आता तेही जुनं झालंय.

उठता उठता मी विचारलं, नंबर आठवतो का गाडीचा. त्याने डोळे मिटले आणि प्रार्थनेसारखा म्हणून दाखवला. शेवटचे आकडे एक, शून्य, नऊ, चार, दोन, सात. मी लिहून घेतले नाहीत. घेतले नाहीत तरी राहिले.

येताना मी गाडीत शीळ घालत होतो. सख्खा भाऊ म्हणतो की तिने विकली. विकलेली वस्तू चोरीची कशी होईल? बाई खोटारडी ठरली आणि मी सुटलो.

१० ऑगस्ट, रविवार

काल रेखली तेवढी रेघ सरळ नाही.

चर्चमध्ये प्रवचन चाललं होतं आणि मी दुकानात होतो. चाळीस वर्षांत किती खोट्या चिठ्ठ्या आल्या असतील. कोणी घाई करायचा, कोणी रडायचा, कोणी डॉक्टरची विचारपूस करायचा, म्हणजे माझं लक्ष सहीवरून उडावं. पण चिठ्ठी नीट निरखून बघा असं त्यांच्यापैकी एकही कधी म्हणाला नाही.

ही बाई दर उन्हाळ्यात अनोळखी लोकांना सांगत फिरते की नीट निरखून बघा. तिने गाडी विकली असती तर ती सापडू नये म्हणून देव पाण्यात घालून बसली असती.

लोइसने गाडीत विचारलं, आज गप्प का. मी म्हटलं, प्रवचन चांगलं होतं. विषय काय होता विचारलं, तर सांगता येईना.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी गाडी जॅकवर घेतली. डावीकडच्या मागच्या चाकाच्या वर, बॉडी आणि चेसी यांच्यामधल्या फटीत हात जेमतेम जातो. आरसा आणि टॉर्च घातला. गंजाने खाल्लेलं लोखंड कसं असतं ते मला माहीत आहे, देवी आलेल्या चेहऱ्यासारखं. इथे तसं काहीच नव्हतं. वीतभर जागा गुळगुळीत होती, बाकी चेसीपेक्षा गुळगुळीत. नखाने दाबून पाहिलं. काळ्या रंगाखाली पुट्टी.

तसाच व्हर्ननकडे गेलो. तो डबा उघडून सँडविच खात होता. माझ्या हातातला आरसा पाहून त्याने सँडविच खाली ठेवलं.

रेक्सचा काही संबंध नाही. व्हर्ननने ह्या बाईला जन्मात पाहिलेलं नाही. बॉडी उचलल्यावर त्याला चेसीवर आकडे दिसले, आणि ते पट्टीवरचे नव्हते. कोणीतरी अपघातात मोडलेल्या लाल गाडीची पट्टी आणि इंजिन काढून चोरीच्या गाडीत बसवलं होतं, हे त्याला तेव्हाच कळलं. त्याच आठवड्यात मी दुकानाच्या विक्रीवर सही केली होती.

"तू केक घेऊन आला होतास," तो म्हणाला. "इथे उभा राहून सगळ्यांना वाटलास. मी काय बोलणार होतो, मर्ल? म्हटलं, ह्याला ठाऊक नसेल तर चोर तरी होणार नाही."

मी त्याला बरंच काही बोललो. आकडे कोणते होते ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितले नाहीत.

१३ ऑगस्ट, बुधवार

लोइसला सांगायला लागलो आणि दुसऱ्याच वाक्याला कळलं की तिला माहीत आहे. त्या दिवशी मॅन्सफिल्डला कॉफी गार झाली ती ह्यामुळे. गाड्यांच्या तळावर तिने आयरीनला गाठलं होतं. फोन नंबर तिनेच दिला. खसखशीचा रोल आयरीनच्या ओव्हनमधला.

"मी गॅरेज झाडते, मर्ल. ती फुलं मी तुझ्याआधी पाहिली आहेत," ती म्हणाली. "तू तिच्या तोंडावर नाही म्हणालास, आणि मला तुझ्याच बरोबर घरी यायचं होतं, म्हणून तिथे बोलले नाही."

मग मला सांगितलं का नाहीस, मी विचारलं. मी तुझ्यामागे पेट्रोलचे काटे तपासत फिरलो.

"तू स्वतः सांगशील म्हणून वाट बघत होते. तुझा संशय तरी किती. व्हर्ननवर घेतलास, त्या रेक्सवर, त्या बाईवर, माझ्यावरसुद्धा. एकट्या गाडीवर तेवढा घेतला नाहीस."

छपराचंही तिने सांगितलं. पळून गेलेल्या नवऱ्याने एकदाच पैसे पाठवले होते. त्या माणसाकडून छदाम घेतलास तर माझी बहीण नाहीस, असं एमिल कोरियाला जाताना बजावून गेला होता. पोराच्या पाळण्यात पाणी गळत होतं. तिने घेतले. भावाला ते सांगणं आणि गाडी विकली म्हणवून घेणं, यातलं दुसरं तिला सोपं वाटलं असावं. निदान सुरुवातीला.

मी विचारलं, मग ती पोलिसांकडे का गेली नाही. तिला ठिगळ माहीत आहे, त्यांनी येऊन माझं गॅरेज उघडायला लावलं असतं. लोइस म्हणाली, हेच मीही विचारलं. आयरीनचं म्हणणं, पोलिसांनी ओढून काढलेलं एमिल मानणार नाही. गाडी ज्याची जाणार आहे, त्यानेच आपण होऊन दाखवली तर मानेल.

१९ ऑगस्ट, मंगळवार

लिहिण्यासारखं काही केलं नाही. कव्हर काढलं, गाडी पुसली, कव्हर घातलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

काल पुन्हा तेच. आज पुसताना वाटलं की पुट्टी तशीच ठेवली आणि गप्प बसलो, तर मला कोणी काही करू शकत नाही. व्हर्नन बोलणार नाही. लोइसही बोलणार नाही, फक्त माझ्याशीही फारसं बोलणार नाही. हा हिशेब मी बराच वेळ डोक्यात घोळवला.

मग एमिल हुडॅकला फोन केला. मी खरा कोण ते सांगितलं. त्याने माझं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाला, "तिने पाठवलंय तुम्हाला?" मी म्हटलं, नाही, तिने पाठवलं तेव्हा मी आलो नव्हतो.

३० ऑगस्ट, शनिवार

व्हर्ननच्या गॅरेजात गाडी लिफ्टवर घेतली होती. आयरीन लोइसबरोबर आली, पण फाटकाशी लोइसच्या गाडीतच बसून राहिली. मी जवळ असले तर तो म्हणेल मी काही हातचलाखी केली, असं तिचं म्हणणं. एमिल वेगळा आला. चर्चला जाताना घालतात तसा शर्ट. फाटकातून आत येताना त्याने ती बसली होती त्या गाडीकडे पाहिलं नाही.

लाल रंग पाहून त्याने मान हलवली. ही नव्हे, म्हणाला. परत जायलाच निघाला होता. व्हर्नन म्हणाला, आलाच आहात तर पाच मिनिटं थांबा, आणि पुट्टीवर ती विरघळवणारं औषध लावलं. माझ्या हातात टॉर्च होता.

"पुसू नका," एमिल म्हणाला. "आधी मी म्हणतो." त्याने पूर्ण नंबर म्हटला, आम्हा दोघांकडे बघत, साक्षीदारांकडे बघतात तसं.

मग व्हर्ननने फडकं फिरवलं आणि आरसा त्याच्या हातात दिला. आरशात आकडे उलटे दिसतात, म्हणून वेळ लागतो. त्याचे ओठ एकेक आकड्याला हलत होते. शेवटच्या साताला थांबले. तरी तो आरसा धरून तसाच उभा राहिला. पुन्हा पहिल्यापासून वाचत असावा.

गाडी खाली घेतली. मी न सांगता कार्पेट उचललं. त्याने दोन बोटं ठिगळावर ठेवली. "आईचा पडदा," म्हणाला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "अंगणातून नेली होती?" मला काय माहीत? पण मी हो म्हणालो.

तो बाहेर गेला. लोइसच्या गाडीच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. काच वरच होती. आतून आयरीनने हात लांब करून शेजारच्या दाराची कडी उघडली. तो फेरी मारून गेला आणि आत बसला.

खूप वेळ बसले होते. मी दारातून बघत होतो आणि मला वाटत होतं की आता ही दोघं माझी गाडी कशी न्यायची ते ठरवतायत. असं वाटलं, म्हणून लिहून ठेवतो. व्हर्नन दोन कप कॉफी घेऊन त्यांच्याकडे निघाला आणि अर्ध्या वाटेतून कप तसेच घेऊन परतला.

ते काय बोलले ते संध्याकाळी लोइसने सांगितलं. तिला आयरीनने सांगितलेलं. एमिलने विचारलं, आईचा तुझ्यावर विश्वास होता का. आयरीन म्हणाली, "आईने मला कधी विचारलंच नाही. तूच एकट्याने विचारलंस."

५ सप्टेंबर, शुक्रवार

पोलीस येऊन गेले. सभ्य माणसं. एकजण गाडीभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, फार सुंदर काम आहे. वकील म्हणतो, केलेल्या कामाचे पैसे मागता येतील. मी मागणार नाही. का, ते लिहायला बसलो होतो. जमलं नाही.

पहिल्या बक्षिसाचा कप क्लबला परत पाठवला. पट्टीवरची गाडी आणि खरी गाडी वेगळी, तेव्हा तो माझा नव्हताच. दुसऱ्याच दिवशी रेक्स ममफर्डचा फोन. मला वाटलं, खिजवायला. तो म्हणाला, असली वेळ कोणावरही येऊ शकली असती. त्याने त्याच दिवशी स्वतःची चेसी तपासली. मग म्हणाला, कप त्याला नको.

मी त्याच्या बोलण्यात आणखी काय दडलंय ते अजून शोधतोय.

४ ऑक्टोबर, शनिवार

कागदपत्रं झाली. गाडी लोरेनला नेऊन द्यायची होती. ट्रेलरवरून न्या असं सगळे म्हणाले. मी चालवत नेली, टप उघडून. वारा गार होता. लोइस तिच्या गाडीतून मागोमाग होती. सहा वर्षांत मी ही गाडी एवढी लांब कधी चालवली नव्हती. ओरखडा पडेल ही भीती. आज वाटेत एका ट्रकने खडी उडवली आणि बॉनेटवर टिचकी बसली. मी थांबलो नाही.

खरं लिहायचं तर वाटेभर एक आशा होती. एमिल म्हणेल, तुम्ही एवढं केलंत, तुमच्याकडेच राहू द्या. तो तसं काही म्हणाला नाही. त्याने किल्ली घेतली, हात मिळवला, आभार मानले. आयरीनने सूप केलं होतं. आम्ही चौघं तिच्या स्वयंपाकघरात जेवलो. एमिल त्या घरात इतक्या वर्षांनी जेवत होता, त्याला मीठ कुठे असतं ते ठाऊक नव्हतं. त्याने मागितलं नाही, अळणीच खाल्लं. आयरीनने दोनदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मिठाची बाटली सरकवली.

जेवून बाहेर आलो. त्याने किल्ली तिच्यापुढे धरली. ती म्हणाली, मला नको, मला ती हाताने गिअर टाकायची गाडी येत नाही. तेव्हाही ती गाडीला हात लावायला घाबरायची, पानं झाडायची तेवढी. तो म्हणाला, "क्लच पूर्ण दाब, घाई करू नको, बास."

ती बसली. पर्स मांडीवर. पहिला गिअर पडताना कचकन आवाज झाला. ते गिअर मी आणि व्हर्ननने एकेक दात धुऊन बसवले होते. गाडी दोनदा उड्या मारून बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली, रस्त्याच्या टोकापर्यंत गेली आणि कोपऱ्यावर वळली. काही वेळ आवाज येत होता, मग तोही गेला.

आम्ही पायऱ्यांवर उभे राहिलो. लोइस शाल घेऊन बाहेर आली. एक चक्कर मारून यायला लागतो त्यापेक्षा नक्कीच जास्त वेळ झाला होता. मी म्हटलं, चौकातल्या सिग्नलला बंद पडली असेल. मग म्हटलं, सरोवराकडचा रस्ता धरला तर वळायला जागा नाही. मग मी रस्त्यापर्यंत जाऊन दोन्हीकडे पाहून आलो. काहीच दिसत नव्हतं. मी म्हटलं, गेली कुठे असेल ही, गाडी काढून बघून येऊ का.

एमिल पायरीवर बसला होता. त्याने पाय लांब केले.

"येईल ती," तो म्हणाला.